एका माणसाचं माप

राजिवड्याच्या हमीद सोलकराला एका माणसाचा भात करता येत नव्हता. ऐकणाऱ्याला हसू येईल, कारण हा माणूस अठ्ठावीस वर्षं आगबोटीवर भंडारी होता. भंडारी म्हणजे आपल्याकडे माडावर चढतात ते नव्हेत. बोटीवर खलाशांचं जेवण रांधणाऱ्याला भंडारी म्हणतात. चाळीस खलाशी, दोन्ही वेळा, आणि चाळीसही जण भुकेने वैतागलेले. वादळात टोप दोरीने जखडून, एक पाय भिंतीला लावून त्याने कालवणं शिजवली होती. मीठ त्याने कधी चाखून पाहिलं नाही, वासावर सांगायचा. असा हा पट्टीचा रांधणारा, पण स्वतःपुरतं मूठभर शिजवायचं म्हटलं की त्याचा हात चुकायचा.

तशी ही वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. दोन-अडीच वर्षांनी चार महिन्यांची रजा मिळायची, आणि रजेत खुर्शीद, म्हणजे त्याची बायको, त्याला पाटावरून उठू द्यायची नाही. सकाळी घावणे, दुपारी तिखट मिरचीत माखलेली सुरमई, रात्री तांदळाच्या भाकऱ्या नि मटण, शुक्रवारी नारळाच्या रसातल्या शेवया. ईद रजेत आली तर तिच्या साट्याच्या करंज्या. तूप नि तांदळाची पिठी फेसून पाऱ्यांना लावायची, घड्या घालायची आणि मग अशी करंजी तळायची, की दात लावला तर पापुद्रे छातीवर पडावेत. हमीद खायचा, ढेकर द्यायचा, आणि मनात म्हणायचा, आपण तिकडे समुद्रावर खारं पाणी नाकात घेऊन मरतो, ही मात्र इथे बारा महिने असं खाते. एकदा तर त्याने तसं पत्रातही लिहिलं होतं, की तू मजेत सुरमई खात असशील, माझ्या नशिबी डाळभात. पत्र वाचून दाखवायला शेजारची शरीफाखाला होती. वाचून झाल्यावर खुर्शीद तिला काहीतरी म्हणाली. पण हे हमीदला फार उशिरा कळलं.

मुलं दोन झाली, दोन्ही वर्षाच्या आत गेली. मग झाली नाहीत.

हमीदचा एक बाणा होता. रजेवर भंडारी पळीला हात लावीत नाही. हे तो अभिमानाने सांगायचा, चारचौघांत सांगायचा. खुर्शीदला मात्र त्याच्या हातचं खायची फार हौस. बोटीवरच्या गोष्टी सांगताना एकदा त्याने साहेबलोकांच्या नाताळातल्या एका पदार्थाची गोष्ट सांगितली होती. गोव्याचा एक बावर्ची साहेबांसाठी रांधायचा, त्याच्याकडून हमीदने तो शिकून घेतला होता. अख्खा काटे काढलेला मासा, त्यावर मसाला, आणि वरून मैद्याचं आवरण, तेही असं घड्या घातलेलं की भट्टीत गेलं की पान पान फुलून येतं.

"म्हणजे आमच्या साट्यासारखा?" खुर्शीदने विचारलं.

"अगदी तस्साच. साहेब लोणी घालतो, तू तूप घालतेस, एवढाच फरक."

"मग माशाला पांघरूण घातलान म्हणा की!" ती हसली. तेव्हापासून तिच्या तोंडी त्या पदार्थाचं नाव पांघरुणातली सुरमई. "अवो, एकदा करून दाखवा तरी. मी पीठ मळून देते. तुमी नुसतं सांगा."

"रजेवर नाय. बोट कायमची सोडली की बघ, तुला पाटावर बसवीन आणि मी वाढीन."

हे तिने किती वेळा ऐकलं असेल देव जाणे. दर रजेत विचारायची, दर रजेत हेच उत्तर. माणूस उद्याच्या नावावर फार उधार राहतो, आणि हमीद तर समुद्रावरचा, त्याला दिवसांची मोजदादच नव्हती.

पंचावन्न सालच्या फेब्रुवारीत त्याने बोट कायमची सोडली. पेटी, वळकटी आणि निळ्या काठाचा इनॅमलचा एक मग घेऊन तो घरी आला. खुर्शीदने आठवडाभर वाट पाहून विचारलं. हमीद म्हणाला, हाडं जरा निवू देत. हाडं निवेपर्यंत रमझान आला. ईदला तिने करंज्या केल्या, हा शेजारी बसून पापुद्रे मोजत राहिला. मग पावसाळा लागला, होड्या वर ओढल्या गेल्या, ताजी सुरमई कुठून आणणार? "आता जाळी पडली की पहिली मोठी सुरमई तुझी," तो म्हणाला आणि या वेळी त्याने ते मनापासून म्हटलं होतं. नारळी पौर्णिमेनंतर जाळी पडली, पण मोठी सुरमई काही लागेना. खुर्शीदला ताप आला तो सप्टेंबर सरता सरता, आणि नवव्या दिवशी ती गेली. ऑक्टोबर चालू होता. बंदरावर त्या दिवशी सुरमई उतरली होती, हेही त्याला कुणीतरी सांगितलं. लोकांना नको तिथे खरं बोलायची भारी सवय असते.

तीन दिवस घरात चूल पेटली नाही. मोहल्ल्यातून जेवण येत राहिलं, चाळिसावा होईपर्यंत कुणी ना कुणी ताट घेऊन यायचं. चाळिसाव्याला फातेहा झाला, माणसं जेवून गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून दारात ताट आलं नाही. रीतच आहे तशी, त्यात कुणाचा दोष नाही. शरीफाखाला म्हणाली, "आमच्याकडे ये जेवायला." हा दोन दिवस गेला. तिची सून डोक्यावरचा पदर सावरत अवघडून वाढायची, मुलगा घास गिळताना आवाज होऊ देत नव्हता. तिसऱ्या दिवशी हमीदने पोट बिघडल्याचं सांगितलं आणि घरी राहिला.

त्या दिवशी त्याने खुर्शीदच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा मालकासारखं पाऊल टाकलं. बोटीवरची शिस्त. आधी सगळं बाहेर काढायचं, घासायचं, मग जागच्या जागी लावायचं. फळीवरच्या बरण्या उतरवल्या, कोपऱ्यातली जळमटं काढली. तांदळाच्या मडक्यात दोन पालथ्या करवंट्या निघाल्या. एक लहान, काळीभोर, दुसरी मोठी, तेल लावलेली. धान्यात सरपण ठेवतात काय, असं पुटपुटत त्याने दोन्ही सरपणाच्या टोपलीत टाकल्या. तांदळाच्या मडक्यात आपला निळ्या काठाचा मग ठेवला. मग चूल पेटवली. ओली लाकडं धुमसत होती, म्हणून त्याने हाताला लागली ती मोठी करवंटी फोडून आत सारली. तेलाने माखलेली होती, भसकन पेटली. चांगला विस्तव झाला.

आणि भात झाला पंधरा माणसांचा.

हमीद बघतच राहिला. त्याने मोजून घेतलं होतं. पण त्याच्या हाताला जे मोजणं ठाऊक होतं, ते चाळिसाचं होतं. चाळिसाचं अर्धं, त्याचं अर्धं, असं करत तो खाली उतरत होता, आणि एकपर्यंत उतरायला त्याला जमेना. कालवणही तसंच. नारळ दीड घातला होता, कारण त्याच्या लेखी दीड नारळ म्हणजे काहीच नव्हे.

एवढं अन्न टाकायचं कसं? त्याने भांड्यांत भरलं आणि सात घरी पोचवलं. मोहल्ल्याला नवल वाटलं, मग कौतुक वाटलं. "काय चव हाय हो हमीदभायच्या हाताला!" बायका कुंपणावरून एकमेकींना सांगू लागल्या. हमीदला फार दिवसांनी बरं वाटलं. जेवायला समोर कुणी नाही हे खरं, पण आपलं रांधलेलं कुणी खातंय, त्यावर बोलतंय, हे थोडं का होईना पोटात गेल्यासारखं वाटायचं. मग तो मुद्दामच जास्त करू लागला. सकाळी बाजार, दुपारी रांधणं, संध्याकाळी वाटप. नव्याची नवलाई चालू राहिली.

नाताळाच्या सुमाराला बंदरावर एक हातभर लांबीची सुरमई आली. हमीदने ती घेतली. घरी आणून काटे काढले, लिंबू-मीठ-मिरी लावून ठेवली. कोथिंबीर, आलं नि खोबरं वाटून ते तव्यावर सुकवून घेतलं, नाहीतर ओलाव्याने आवरण बसतं. मैदा मळला. तूप नि तांदळाची पिठी तळहाताने फेसताना त्याला एकदम कळेना, की हे आपण गोवेकर बावर्च्याकडून शिकलो की पाटावर बसून खुर्शीदचे हात बघता बघता. तीन वेळा लाटलं, तीन वेळा घड्या घातल्या, ओल्या फडक्याखाली निजवलं. मग मासा त्यात गुंडाळला, शिवण खाली घेतली, वाफेला दोन चिरा दिल्या, चमच्याच्या कडेने खवले उमटवले आणि वरून अंडं फासलं. नझीर बेकरीवाल्याकडे पाव काढून झाले होते. त्याने भट्टीत जागा करून दिली आणि स्वतः दाराशी उभा राहिला.

निघाली तेव्हा नझीर म्हणाला, "सुभानल्ला! हमीदभाय, ही खायची की काचेच्या कपाटात ठेवायची?"

सोनेरी, पान पान फुललेली, एकही भेग नाही. हमीदने ती घरी आणली, पाटासमोर ठेवली, आणि बसून राहिला. पाट रिकामा होता. तुला पाटावर बसवीन आणि मी वाढीन. तिने एवढंच मागितलं होतं, आणि आता ती हाकेच्या पलीकडे गेल्यावर त्याला वेळ झाला होता. त्याला रडू आलं, चांगलं मोठ्याने आलं. मग तोंड धुऊन त्याने सुरमईचे सात तुकडे केले आणि सात घरी पाठवले. स्वतः खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी भांडी परत आली. रिकामं भांडं कुणी परत करीत नाही, हे सगळ्या राजिवड्याला ठाऊक. हमीदच्या भांड्यांतून इतके दिवस काय काय यायचं: कधी वाटीभर खीर, कधी दोन अंडी, कधी भाकऱ्या. म्हणजे जास्तीचं द्यावं तर तेवढंच परत घरी येऊन बसायचं, आणि ते खाता खाता तो थकून जायचा. त्यात त्याने कधी डोकं घातलं नव्हतं. पण त्या दिवशी एका थाळीत गुळाचे फक्त दोन खडे होते, स्वच्छ फडक्याने झाकलेले. थाळी होती गल्लीच्या टोकाच्या जैनबीची. तिचा नवरा वर्षभर अंथरुणाला खिळलेला. हमीद ते दोन खडे हातात घेऊन बघत असताना शरीफाखाला मागच्या दाराने आत आली.

"आता तरी कळतंय काय?" ती म्हणाली. खाला सत्तरीची, तिला शब्द तोलायची गरज नव्हती. "तू देतोस ते चांगल्या मनानं देतोस, पण रोज देतोस रे. जैनबी काल माझ्याकडं गूळ मागायला आली होती. का, तर हमीदभायची थाळी रिकामी कशी पाठवू. माझ्या सुनेनं परवा दुसऱ्या दिवसासाठी राखलेली अंडी तुझ्या भांड्यात घातलान. कुणी तोंडावर बोलायचं नाय तुला. पण तुझी थाळी दिसली की बायका आधी आपले डबे धुंडाळतात."

हमीदचं तोंड उतरलं. आधीच दुष्काळ, त्यात आपण तेरावा महिना होऊन बसलो होतो आणि वर खूश होतो! "मला वाटलं, आवडतंय," तो म्हणाला.

"आवडतंय ना. म्हणून तर कुणी नको म्हणत नाय."

त्या दिवसापासून थाळ्या बंद झाल्या. मोहल्ल्याने हळूच सुटकेचा श्वास सोडला असणार, पण त्याचा आवाज हमीदपर्यंत आला नाही. त्याच्यापर्यंत आता कशाचाच आवाज येत नव्हता. कुणी येण्याचं कारण राहिलं नव्हतं. सवयीने हात जास्त टाकायचा, दुपारचं रात्री, रात्रीचं सकाळी, मग कावळ्यांना. अन्न टाकताना त्याला चोरी केल्यासारखं व्हायचं. शेवटी त्याने रांधणंच सोडलं. नझीरचा पाव नि काळा चहा, सकाळी तेच, रात्री तेच. अठ्ठावीस वर्षं दर्यावर चाळीस माणसं जगवलेला भंडारी घरात एका माणसाला जगवू शकत नव्हता. चहा करायला तेवढी चूल पेटायची.

असाच एक दिवस तो चहासाठी चुलीपाशी बसला होता. सरपणाची टोपली तळाला गेली होती. त्याने हात घालून उरलंसुरलं काढलं, तर ती लहान काळी करवंटी हाती आली. तो ती चुलीत सारणार, एवढ्यात शरीफाखाला दारात येऊन ओरडली.

"अरे, अरे! काय करतोस काय ते?"

"करवंटी हाय, खाला."

"करवंटी नाय ती. खुर्शीदचं माप हाय." खालाने ती त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतली आणि पदराने पुसली. "एका माणसाचं माप. काठ घासून बरोबर तेवढं केलान, एक वेळेला एकीला पुरेल एवढं. तू पहिल्यांदा बोटीवर गेलास त्या साली. हात लावून बघ."

हमीदने हात लावला. काठ गुळगुळीत होता, आतून काचेसारखा. अठ्ठावीस वर्षं दिवसातून दोनदा तांदळात बुडाली होती ती.

"आणि दुसरी कुठं हाय?" खालाने विचारलं.

"दुसरी?"

"मोठी. तुझं पत्र आलं ना, बोट सोडून कायमचा येतो म्हणून, त्याच दिवशी माझ्याकडनं नारळ मागून नेलान. माझ्या उंबऱ्यावर बसून फुटक्या काचेनं घासलीन, तेल पाजलीन. म्हणाली, खाला, आता एकीचं माप पुरायचं नाय."

हमीद चुलीकडे बघत राहिला. त्या विस्तवाची राख केव्हाच मागच्या माडाच्या बुंध्याला पडली होती. त्याने स्वतःच्या हाताने टाकली होती.

खालाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही.

मग तो म्हणाला, "आणि आधी, मी रजेवर यायचो तेव्हा?"

"तेव्हा हीच दोनदा भरायची. मी म्हटलं तिला एकदा, दोघांचं माप कर की. तर म्हणाली, चार महिन्यांसाठी कशाला? हात दोघांना सवकला, की मग मागाहून जड जातं."

"खायची काय ती? एरवी?"

"काय खायची? पेज. दोन्ही वेळा पेज, आणि विस्तवावर भाजलेला सुका बांगडा. एकटीसाठी वाटण कोण वाटतंय, हमीद? सुरमई, करंज्या, मटण, ते सगळं तू आलास की. तू गेलास की दुसऱ्या दिवशी पाटा-वरवंटा धुऊन उभा करून ठेवायची. तू ते पत्र लिवलंस ना, मजेत सुरमई खातेस म्हणून? मी वाचलं आणि मलाच लाज वाटली. ती म्हणाली, ऱ्हाऊ दे खाला, त्यांना तसंच वाटू दे. तिकडं तेवढंच बरं वाटत असेल."

खाला गेली. जाताना तिने करवंटी पाटावर ठेवली.

हमीद तसाच बसून राहिला. दोन-तीन महिने एकट्याने जेवायला लागलं तर त्याने मोहल्ला डोक्यावर घेतला होता, सात घरांना वेठीला धरलं होतं. आणि तिने? तिने पहिल्याच वर्षी एक करवंटी घासून घेतली आणि अठ्ठावीस वर्षं कुणाला कळू दिलं नाही. पांघरुणातल्या सुरमईची तिला हौस होती, असं तो समजत होता. हौस सुरमईची नव्हतीच. त्या घरात एक वेळ तरी तिच्याखेरीज दुसऱ्या कुणी तिच्यासाठी तांदूळ मोजावेत, एवढंच तिला हवं होतं. हे कळायला त्याला शेजारणीच्या तोंडून ऐकावं लागलं. त्याला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती.

ऊन परसातल्या विहिरीच्या काठावर आलं तेव्हा तो उठला. मडक्यातला इनॅमलचा मग काढून त्याने खुंटीला टांगला. लहान करवंटी धुतली, पुसली, तांदळात बुडवली, तळहाताने सपाट केली आणि भांड्यात ओतली. मग सवयीने, किंवा सवयीने नव्हे, त्याचा हात पुन्हा मडक्यात गेला. दुसऱ्यांदा भरलेली करवंटी भांड्यावर आली आणि तिथेच थांबली. खुर्शीद त्याच्या रजेच्या चार महिन्यांपुरतं असंच करीत होती. एक तिची, एक त्याची.

त्याने ते तांदूळ परत मडक्यात ओतले.

चूल पेटवली. तांदूळ मऊ होईपर्यंत शिजवले, मीठ घातलं, निखाऱ्यावर सुका बांगडा भाजला. पेज खाली उतरवली आणि तिच्या पाटाशेजारच्या आपल्या पाटावर बसून सावकाश जेवला. चव साधी होती, आणि इतकी वर्षं या घरात ती रोज असूनही त्याने ती आज पहिल्यांदा चाखली. जेवण झाल्यावर त्याने करवंटी तांदळात पालथी ठेवली, जशी त्याला सापडली होती तशी. मग भांडं घासायला घेतलं. आज त्यात एक शीतही उरलं नव्हतं, आणि कुणाच्या घरी पाठवायलाही काही नव्हतं.